सोसायटीच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये) माणूस उतरवणं बंद करा. खर्च परवडो न परवडो.

पर्वरीकर
आमच्या बाजूच्या कॉम्प्लेक्समध्ये मागच्या आठवड्यात एसटीपीच्या कलेक्शन टँकमधला पंप अडकला. कमिटीच्या माणसाने ऑपरेटरला सांगितलं, "उतर रे, दोन मिनिटांचं काम." विशीतला पोरगा. कमरेला नायलॉनची दोरी, तोंडाला रुमाल. शेजारणीने आरडाओरडा केला म्हणून तो वर राहिला.

साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली साचतो आणि गाळ ढवळला की भसकन सुटतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं वायू गेला. ५००-७०० ला माणूस कोसळतो. रुमालाने किंवा कापडी मास्कने वायू अडत नाही. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १९.५ च्या खाली आला तरी आत जायचं नसतं, आणि हे कळायला गॅस डिटेक्टरच लागतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षेची साधनं न देता गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

माझं म्हणणं एवढंच: टाकीत कोणी उतरायचं नाही, प्लांटवर शिकवलेला माणूस ठेवायचा, झाकण उघडताना सोबत दुसरा, आणि या सगळ्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरायचा.

खजिनदार ३२ फ्लॅट
बोलायला सोपं आहे. आमचे निम्मे फ्लॅट दिल्ली-मुंबईवाल्यांचे, नाताळ सोडला तर कुलूप. थकबाकी वसूल करता करता नाकी नऊ येतात. बिल्डर प्लांट बांधून निघून गेला, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल आमच्या गळ्यात. आता दोन माणसं, डिटेक्टर, अंगाला बांधायचा हार्नेस, माणूस वर ओढायचा ट्रायपॉड! लहान सोसायटीने आणायचे कुठून?

आणि कायद्याचं म्हणाल तर नियम पूर्ण वाचा. त्याच २०१३ च्या नियमांत अपवाद दिलेत, आणि तळाशी बसवलेला सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप काढणं हा त्यातलाच एक. म्हणजे सरसकट बंदी नाही.

पर्वरीकर
अपवाद आहे, मान्य. पण तोसुद्धा साधनं देऊनच. दोरी आणि रुमाल म्हणजे सुरक्षेची साधनं नव्हेत. दुसरं, पंप काढायला उतरावं लागतं ते बिल्डरने गाइड रेल बसवली नाही म्हणून. दोन उभे पाइप, पंपाला साखळी, वर चेन पुली. पंप रुळावरून वर येतो, काठावर उभं राहून साफ करता येतो, परत सोडला की आपल्या जागी बसतो. कचरा अडवणारी जाळीची बास्केटही तशीच वर ओढायची. हा एकदाच करायचा खर्च आहे. लिफ्टच्या वार्षिक करारावर कोणी हुज्जत घालत नाही, मग इथेच का?

जुना ऑपरेटर
मी कळंगुट पट्ट्यात हॉटेलांचे प्लांट चालवले. तुम्हा दोघांचंही पटत नाही. "शिकवलेला माणूस" म्हणजे सर्टिफिकेटवाला ना? असे मी पाहिलेत. खोलीत बसून लॉगबुकात कालचेच आकडे आज लिहितात.

प्लांट असा कळतो: सकाळी एरेशन टँकमधून, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीतून, एक लिटरचं मेजरिंग सिलिंडर भरून कट्ट्यावर ठेवा, हलवू नका. अर्ध्या तासाने बघा. चॉकलेटी गाळ तीनशे मिलीच्या आसपास बसला आणि वरचं पाणी नितळ असलं की मी पुढच्या कामाला लागायचो. गाळ आठशेवर तरंगत राहिला तर बिघाड झालाच समजा. वास पावसात भिजलेल्या मातीसारखा हवा. काळा गाळ आणि घाण वास म्हणजे हवा कमी पडतेय. आधी ब्लोअर आणि तळातले हवा सोडणारे डिफ्यूझर बघा.

खजिनदारसाहेब, कुलूपबंद फ्लॅटचं दुखणं वेगळंच. आठ महिने प्लांटमधले जिवाणू उपाशी राहतात आणि डिसेंबरात अचानक तिप्पट मैला येतो. गाळ काढणं नोव्हेंबरपासूनच कमी करावं लागतं, म्हणजे जिवाणू वाढतात. पावसाळ्यात गच्चीचं पाणी गटारलाइनीला जोडलेलं असलं की सगळा गाळ धुऊन नाल्यात. हे वर्गात कोण शिकवतो?

उतरण्याचं म्हणाल तर आम्ही उतरायचो. झाकण अर्धा दिवस उघडं ठेवायचो, वास घ्यायचो, मग जायचो.

पर्वरीकर
काका, सिलिंडरचं जे लिहिलंत तेच शिक्षण मला हवंय, कागद नको. पण वास घेऊन उतरण्याचं कृपा करून कोणा पोराला सांगू नका. झाकण उघडं ठेवल्याने गाळात अडकलेला वायू जात नाही, पाय पडल्यावर तो सुटतो. अशा अपघातांत पहिल्याच्या मागे त्याला वाचवायला दुसरा, तिसरा उतरतो आणि तेही जातात.

फोंड्याची ताई
मुळात हे प्लांट हवेतच कशाला? आमच्या वाड्यावर सेप्टिक टँक आणि सोकपिट (शोषखड्डा) आहे. वीज नाही, ऑपरेटर नाही, कटकट नाही.

म्हादईकाठ
ताई, चार घरांना ठीक. जांभ्या दगडाला भेगा असतात, पन्नास फ्लॅटचं सोकपिट पावसाळ्यात शेजारच्या विहिरीत उतरतं. दक्षिण गोव्यातली साळ नदी सांडपाण्याने कशी नासली ते सासष्टीवाल्यांना विचारा. आणि वायू सेप्टिक टँकमध्येही तोच.

जिथे सरकारी लाइन दारात आली आहे तिथे जोडणी घ्या, हे माझं मत. पणजीत टोंकला, मडगावात शिरवड्याला मोठे प्लांट आहेत. लोक जोडणीचे पैसे वाचवतात आणि मग घरच्या प्लांटवर रडतात.

जुना ऑपरेटर
एक राहिलं. एरेशन टँकच्या काठाला रेलिंग आणि लाइफ रिंग हवीच. फेसाळ पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नीट तरंगता येत नाही. धनुर्वाताचं आणि काविळीचं इंजेक्शन मालकाने द्यायचं. लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून होणारा) ताप आला तर डॉक्टरला सांगायचं की मी मैल्यात काम करतो, नाहीतर तो साध्या तापाच्या गोळ्या देतो. आणि फ्लॅटवाल्यांनी कमोडमध्ये वेट वाइप्स, पॅड टाकणं बंद केलं तर निम्मे पंप अडकणारच नाहीत.

खजिनदार ३२ फ्लॅट
गाइड रेल आणि चेन पुलीचं कोटेशन मागवतो, सभेत ठेवतो. दुसऱ्या पूर्णवेळ माणसाला माझा विरोध कायम. आणि रात्री दोन वाजता पंप अडकला, मैला पार्किंगमध्ये आला, तर लोक कमिटीला झोपू देतील?

पर्वरीकर
पूर्णवेळ नको. झाकण उघडायचं तेव्हा दुसरा माणूस हजर हवा. वॉचमनही चालेल, पण त्याला पक्कं सांगून ठेवा की आत कोणी पडलं तर उतरायचं नाही, अग्निशामक दलाला फोन करायचा. रात्रीसाठी दुसरा पंप स्टँडबाय ठेवा. तोही बंद पडला तर पाणी वापरू नका असा ग्रुपवर मेसेज टाका, मैला उपसणारा टँकर बोलवा आणि सकाळपर्यंत थांबा. पार्किंग धुता येतं.