ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये २९० वॅटच्या सप्लायवर कोणतं ग्राफिक्स कार्ड चालेल?

गावठी_रेंडर
डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, मिनी टॉवर. आय५-४५७० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम (एकच स्टिक), कंपनीचाच २९० वॅटचा पॉवर सप्लाय. त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी ६ पिनची वायर येत नाही. काम म्हणजे दा विंची रिझॉल्व्हमध्ये १०८०पी व्हिडिओ एडिटिंग आणि अधूनमधून जीटीए ५ हा गेम. दोन मॉनिटर आहेत, एक एचडीएमआयचा, दुसरा जुना, फक्त व्हीजीए. दुकानदार म्हणतो, "आरटीएक्स ३०५० घ्या, साटा टू ६ पिन कन्व्हर्टर लावून देतो." घेऊ का?

सोल्डरगन
कन्व्हर्टर लावू नका. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, प्लगात १२ व्होल्टच्या तीनच पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. ६ पिनमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. प्लग आधी पिवळा पडतो, मग वितळतो, आणि हे लोड वाढल्यावर होतं, त्यामुळे दुकानातल्या पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये कधीच दिसत नाही.

तुमच्यासाठी नियम एकच: कार्डाला सगळी वीज ते मदरबोर्डवर ज्या स्लॉटमध्ये बसतं त्यातूनच मिळाली पाहिजे. स्लॉटची मर्यादा ७५ वॅट. प्रोसेसरचे ८४, कार्डाचे ७०-७५, बोर्ड, डिस्क आणि पंख्यांचे ४०-५० धरा. २०० च्या आसपास जातं. २९० मध्ये बसतं.

आता आरटीएक्स ३०५० बद्दल. या नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. ८ जीबीचं १३० वॅट खातं आणि त्याला वेगळी वायर लागतेच. ६ जीबीचं, २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅटचं आहे आणि बहुतेक मॉडेलना वायर लागत नाही. दुकानदार कन्व्हर्टरची भाषा करतोय म्हणजे त्याच्या हातात ८ जीबीवालं असणार. ६ जीबीचंच मागा, आणि वरच्या कडेला पॉवरचा सॉकेट नाही ना, हे डोळ्यांनी बघूनच पैसे द्या.

पेठेतला_पीसीवाला
सोल्डरगन बरोबर आहेत, पण बजेट कमी असेल तर आरएक्स ६४०० पण बघा. ५३ वॅट, लो प्रोफाइल (कमी उंचीचं), एका स्लॉटमध्ये बसतं.

सोल्डरगन
एडिटिंगवाल्याला ते सुचवू नका हो! त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे एक्सपोर्ट करताना व्हिडिओ फाइल बनवण्याचं काम कार्डावर होत नाही, प्रोसेसरवर पडतं. शिवाय ते चारच लेनवर (स्लॉटमधल्या डेटाच्या वाटांवर) चालतं. पीसीआयई, म्हणजे कार्डाचा स्लॉट, ४.० पिढीचा असेल तर ते खपून जातं, ९०२० चा स्लॉट ३.० आहे, तिथे बँडविड्थ निम्मी. कार्डाची चार जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. ३०५० ६ जीबी आठ लेनवर चालतं, त्याला ३.० वर फारसा फरक पडत नाही. ६४०० ची जागा स्मॉल फॉर्म फॅक्टरच्या छोट्या डब्यात, जिथे दुसरं काही मावतच नाही.

गावठी_रेंडर
समजलं. सेकंडहँड जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० चालेल का? मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतात म्हणे. आणि व्हीजीएच्या मॉनिटरचं काय?

पेठेतला_पीसीवाला
१०५० टीआय ७५ वॅटचं आहे, सॉकेट नसलेली बरीच मॉडेलं मिळतात. पण आता घेण्यात अर्थ नाही. एनव्हिडियाने त्या पिढीला नेहमीचे ड्रायव्हर देणं २०२५ च्या ऑक्टोबरपासून थांबवलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. वर त्या नावाने नकली माल भरपूर फिरतो. जुन्या जीटीएस ४५० किंवा ५५० टीआयच्या चिपवर कार्डाचा बायॉस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून १०५० टीआय म्हणून विकतात. मागे व्हीजीए पोर्ट दिसला की कार्ड तिथेच ठेवा, कारण खऱ्या १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीए निघतच नाही. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून दाखवा म्हणायचं, नकली असेल तर बहुधा नावाआधी फेक असं लिहून येतं.

१६५० घेतलंत तर जीडीडीआर५ मेमरीचं आणि बिना सॉकेटचं बघा. जीडीडीआर६ च्या बऱ्याच मॉडेलना ६ पिन लागते. पी१०६ नावाचं मायनिंगचं कार्ड कोणी फुकट दिलं तरी नको. त्याला मॉनिटर जोडायला पोर्टच नसतो आणि वायरही लागते.

सोल्डरगन
व्हीजीए मॉनिटरला वेगळा खर्च करू नका. तुमच्या मदरबोर्डवर व्हीजीए पोर्ट आहेच. मशीनच्या बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) व्हिडिओ विभागात मल्टी-डिस्प्ले चालू करा, मग मुख्य मॉनिटर कार्डावर आणि जुना बोर्डावर, दोन्ही एकदम चालतात. मॉनिटर कार्डालाच जोडायचा असेल तर एचडीएमआय टू व्हीजीएचा चिपवाला कन्व्हर्टर लागेल. नुसता पिनांचा जोड चालत नाही, कारण व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल कार्डातून येतच नाही.

बसवताना:

मशीनचा बायॉस आधी अपडेट करा, कार्ड बसवण्याआधी, मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला असतानाच. जुन्या बायॉसमुळे नव्या कार्डावर काळा पडदा आला की लोक कार्ड खराब समजून परत करतात.

खरेदीआधी मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या खाचेपर्यंत फूटपट्टीने मोजा. लांब कार्ड तिथे अडकतं. जाड कार्ड शेजारचा स्लॉटही झाकतं.

वायर काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मगच आत हात घाला. बोर्डावर लांब स्लॉट दोन आहेत. दिसायला सारखे, पण एकात चारच लेन जोडलेल्या आहेत आणि त्याही २.० च्या वेगाच्या. चुकून त्यात कार्ड बसवलंत तरी ते चालू होतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटी जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा. ३०५० ला "एक्स८ ३.०" दिसलं पाहिजे. टेस्ट न चालवता १.१ दिसलं तर घाबरू नका, रिकामं असताना कार्ड वेग कमी करतं.

पेठेतला_पीसीवाला
आणि कार्डाच्या आधी दुसरी ८ जीबीची स्टिक घाला. एका स्टिकवर मेमरी सिंगल चॅनेलमध्ये चालते आणि रिझॉल्व्ह ८ जीबीत गुदमरतं. १.३५ व्होल्टचं नाहीतर १.५ व्होल्टचं डीडीआर३ १६०० चालेल, फक्त ईसीसीवालं (चुका दुरुस्त करणारं) सर्व्हरचं रॅम स्वस्त आहे म्हणून उचलू नका.

जीटीएमध्ये गर्दीच्या चौकात फ्रेम पडले तर तो प्रोसेसर आहे, कार्ड नाही. चार कोर, चारच थ्रेड. प्रोसेसरच्या याच सॉकेटमध्ये आय७-४७७० बसतो, तोही ८४ वॅटचाच, त्यामुळे सप्लायचं वरचं गणित बदलत नाही.

गावठी_रेंडर
सप्लायच बदलला तर मोठं कार्ड घेता येईल ना?

सोल्डरगन
येईल, पण या बोर्डाला नेहमीचा २४ पिनचा प्लग लागत नाही, डेलचा स्वतःचा ८ पिनचा आहे. २४ टू ८ पिनची ऑप्टिप्लेक्ससाठीचीच वायर घ्यावी लागेल. दुसऱ्या कुठल्या ब्रँडची वायर प्लगात बसली तरी पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि तेव्हा बोर्ड जातो. एवढा खर्च या मशीनवर करण्यापेक्षा ६ जीबीचं ३०५० घेऊन थांबा. पुढे मशीन बदललंत तर ते कार्ड तिकडे नेता येईल.