यात्रेच्या दंगलीत परतणारा पहिलवान आणि टायगर वुड्सचा दाखला

प्रश्न : बोरीकाठ (पारोळा तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावची यात्रा चैत्रात भरते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुस्त्यांची दंगल होते. गेली नऊ वर्षे मी यात्रा समितीत असून जोडी लावण्याचे आणि इनामाचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. गावातल्याच एका पहिलवानाने जिल्हा पातळीवर नाव काढले होते आणि त्याच्याकडे पाहून आमच्या व्यायामशाळेत मुले येऊ लागली होती. दोन वर्षांपूर्वी त्याचे बाहेर संबंध असल्याचे उघड झाले, मोबाइलवरून फोटो गावभर फिरले आणि त्याची पत्नी दोन लेकरांना घेऊन माहेरी निघून गेली. मारहाण झाली नाही, पोलिसांत तक्रार नाही, कुस्तीत त्याने कधी लबाडी केल्याचेही कोणी म्हणत नाही. त्याने स्वतःहून आखाडा सोडला होता. यंदा मात्र त्याने समितीकडे येऊन कुस्ती मागितली आहे.

समितीत दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो की त्याला शेवटची मानाची कुस्ती द्यावी आणि शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, म्हणजे झाले गेले गंगेला मिळाले हे सर्वांना कळेल. दुसरा गट म्हणतो की देवाच्या यात्रेत असा माणूस मातीत उतरताच कामा नये. बैठकीत कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने टायगर वुड्स या अमेरिकी गोल्फपटूचा दाखला दिला, की तोही असाच बदनाम झाला, परत आला आणि जगाने त्याला डोक्यावर घेतले. आमच्याकडे गोल्फ कोणी पाहत नाही, त्यामुळे त्याला कोणालाच उत्तर देता आले नाही. तो दाखला खरोखर लागू पडतो का, आणि अशा बाबतीत समितीचा अधिकार नेमका कोठपर्यंत पोहोचतो, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : लळिंगकर (धुळे)

बोरीकाठ दादा, नोकरीनिमित्त काही वर्षे परदेशी असताना मला गोल्फ पाहण्याची गोडी लागली, म्हणून लिहितो. तुमच्या त्या मुलाने सांगितलेली गोष्ट खोटी नाही. पण त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, आणि बहुतेक लोक हेच करतात.

पहिली गोष्ट बदनामीची. २७ नोव्हेंबर २००९ च्या पहाटे फ्लोरिडात स्वतःच्या घराबाहेरच वुड्सची गाडी अग्निशामक नळावर आणि झाडावर आदळली. पुढच्या दोन आठवड्यांत त्याचे विवाहबाह्य संबंध एकामागून एक बाहेर आले, डिसेंबरात त्याने चूक मान्य करून खेळापासून बेमुदत दूर राहत असल्याचे जाहीर केले आणि १९ फेब्रुवारी २०१० रोजी टीव्हीवर सुमारे तेरा मिनिटांचे माफीचे निवेदन केले. पत्रकारांना प्रश्न विचारू दिले नव्हते. समोर त्याची आई बसली होती, पत्नी नव्हती. आपण इतके कष्ट केले तेव्हा नेहमीचे नियम आपल्याला लागू नाहीत असे मी समजू लागलो होतो, अशा अर्थाची कबुली त्यात होती, आणि त्या सगळ्या निवेदनात मला तेवढाच भाग मनापासून आलेला वाटला. अ‍ॅक्सेंचर, एटी अँड टी आणि गेटोरेड या कंपन्यांनी त्याच्याशी करार संपवले, नायकीने संपवला नाही.

तो परतला ८ एप्रिल २०१० रोजी ऑगस्टा येथील मास्टर्स या, गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एका स्पर्धेत, म्हणजे मधे जेमतेम पाच महिने गेले होते. पहिल्या दिवशी वरून विमाने त्याची टर उडवणारे फलक ओढत फिरत होती. खाली माणसे टाळ्या वाजवत होती, आणि एरवी प्रेक्षकांकडे मान वर करून न पाहणारा हा खेळाडू त्या दिवशी नजरेला नजर देत, मान डोलावत चालत होता. त्याने ६८ फटक्यांत फेरी संपवली आणि चार दिवसांनी चौथ्या क्रमांकावर बरोबरीत राहिला. स्पर्धा फिल मिकेल्सनने जिंकली. म्हणजे बदनामीनंतर त्याचा खेळ संपला होता असे मुळीच नाही. मार्च २०१३ मध्ये तो जागतिक क्रमवारीत पुन्हा पहिला झाला.

दुसरी गोष्ट पाठीची आहे, आणि ती पूर्णपणे वेगळी आहे. २०१४ पासून २०१७ पर्यंत त्याच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या, शेवटच्या वेळी कण्याचे मणके जोडावे लागले. मे २०१७ मध्ये औषधांच्या गुंगीत चालकाच्या जागेवर झोपलेला आढळल्याने त्याला अटक झाली. त्या वर्षी नोव्हेंबरअखेर तो क्रमवारीत ११९९ पर्यंत घसरला होता. तेथून उठून त्याने १४ एप्रिल २०१९ रोजी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मास्टर्स एका फटक्याने जिंकली, ती त्याने जिंकलेली पंधरावी मोठी स्पर्धा होती आणि चौदावी २००८ मध्ये, या सगळ्या प्रकरणाच्या आधी आली होती. शेवटच्या, अठराव्या छिद्राच्या हिरवळीमागे त्याने मुलाला कवटाळले. १९९७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तेथेच वडिलांनी त्याला कवटाळले होते.

ते दृश्य पाहताना माझ्याही डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करतो. परंतु नंतर विचार केला तेव्हा जाणवले की बरी झाली होती ती पाठ. शल्यविशारदाने मणके जोडले आणि पाहणाऱ्यांनी त्याचा अर्थ घर जोडले गेले असा घेतला. तुमच्या बैठकीतल्या मुलाला एवढेच सांगा की वुड्सने २०१९ मध्ये जे जिंकले ते गोल्फ होते, त्यापलीकडचे काही त्या दिवशी निकालात निघाले नव्हते.

उत्तर २ : सातपुडा (शहादा)

दोन्ही तटांनी विनाकारण गुंता केला आहे असे माझे मत आहे. समितीने जोड पाहावी, वजन पाहावे, दम पाहावा. २०१८ च्या मार्चमध्ये मोहम्मद शमीवर त्यांच्या पत्नीने आरोप केले तेव्हा क्रिकेट मंडळाने त्यांचा करार रोखून धरला होता. पण मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी पथकाने तपासले ते केवळ खेळातील गैरव्यवहाराच्या आरोपापुरते, आणि त्यात काही न आढळल्यावर त्याच महिन्यात करार दिला गेला. घरगुती तक्रारीचा निवाडा मंडळाने आपल्याकडे घेतला नाही, तो न्यायालयाकडे राहिला. पुढे २०२३ च्या विश्वचषकात उपान्त्य सामन्यात वानखेडेवर ५७ धावांत ७ बळी मिळाले, तेही गोलंदाजीमुळेच. त्या बळींनी तक्रार खरी ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही.

तुमच्या पहिलवानात शेवटच्या कुस्तीचा दम असेल तर ती त्याला द्यावी, नसेल तर देऊ नये. एवढ्या साध्या गोष्टीसाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नव्हती.

उत्तर ३ : वाघूर (जामनेर)

सातपुडा भाऊंचे म्हणणे मला बरेचसे पटते, तरी एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती राहून जाते याचेच मला वाईट वाटते. इतक्या चर्चेत त्या बाईचा उल्लेख ‘माहेरी निघून गेली’ एवढाच आहे.

‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याचे गेले त्याचा असतो. समितीचे काय गेले? तुम्ही आखाड्यात शाल पांघराल, ढोल वाजेल, कोणीतरी मोबाइलवर चित्रण करील आणि ते संध्याकाळपर्यंत तिच्या माहेरच्या ओट्यावर पोहोचेल. ज्या वाटेने ते फोटो आले होते, त्याच वाटेने. गावाने तिच्या वतीने माफ करून टाकले, हे तिला असे कळेल. मी शाळेत शिकवते. वडिलांविषयी गावाने काय ठरवले हे मुले सर्वांत आधी वर्गात ऐकतात, आणि त्या दिवशी डबा उघडत नाहीत, हे मी पाहिलेले आहे.

लळिंगकर दादांनी २०१० ची हकीकत सांगितली, त्यात दोन गोष्टींची भर घालते. वुड्स परतला त्याच्या आदल्या दिवशी मास्टर्स भरवणाऱ्या ऑगस्टा क्लबच्या अध्यक्षांनी, बिली पेन यांनी, जाहीर भाषणात त्याची कानउघाडणी केली. त्याने सर्वांची, आणि विशेषतः मुला-नातवंडांची निराशा केली, असा भाषणाचा रोख होता. अशी कानउघाडणी करणाऱ्या त्या क्लबात त्या दिवशी एकही स्त्री सभासद नव्हती. पहिल्या दोन स्त्रियांना त्यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये सभासदत्व दिले. बोरीकाठ दादा, राग मानू नका, पण तुमच्या समितीत स्त्रिया किती आहेत? जो गट त्याला मातीत उतरूच द्यायचा नाही म्हणतो, त्या गटातल्या कितींनी त्या वेळी ते फोटो पुढे पाठवले होते?

दुसरी गोष्ट वुड्सच्या पत्नीची. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. एलिन यांनी फ्लोरिडातील रोलिन्स कॉलेजात २००५ मध्ये सुरू केलेले शिक्षण मुले सांभाळत २०१४ मध्ये पूर्ण केले, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि पदवीदान समारंभात उत्कृष्ट विद्यार्थिनी म्हणून भाषण केले. नऊ वर्षे लागली. पुनरागमन म्हणून वुड्सचे नाव सर्वांना आठवते. हेही पुनरागमनच होते, आणि ते करण्यासाठी तिला आधी काही चुकावे लागले नव्हते.

कृपा करून तिच्याकडे परवानगी मागायलाही जाऊ नका. नाही म्हटले तर तीच वाईट ठरेल. ज्यांना त्याचा सत्कार करण्याची घाई आहे त्यांनी त्याला इतकेच विचारावे की दोन्ही लेकरांची शाळेची फी आणि घरखर्च दर महिन्याला पोहोचतो का.

उत्तर ४ : जुना आखाडा (अमळनेर)

मी चाळीस वर्षे मुलांना मेहनत करून घेतली. आमच्या खान्देशच्या मातीची पत मोठी आहे. चाळीसगावकडच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीचा मान आणला, तेव्हा आमच्याकडे लंगोट शिवणाऱ्यालाही फुरसत नव्हती. अशा वेळी मुले पहिलवानाचे सारेच उचलतात. त्याची चाल, त्याचे कान, त्याचे बोलणे. म्हणून वाघूर ताईंचे म्हणणे खरे मानतो.

माझ्याकडेही एक जण असाच परत आला होता. पहाटे पाच वाजता तो दाराशी उभा राहिला, आत येईना. बाकीची मुले माती खणत होती. ताक, तेल आणि हळद घालून दोन दिवस झाले होते, माती चांगली मऊ आली होती. त्याला वाटत होते की मी काही बोलेन, चार शिव्या देईन किंवा पाठीवर हात ठेवीन. मी फावडे त्याच्या हातात दिले आणि म्हणालो, “तुन्हं घर तू सांभाय, आठे फक्त कुस्ती कर.” (तुझे घर तू सांभाळ, इथे फक्त कुस्ती कर.) त्याने माती खणायला घेतली. पहिले तीन महिने त्याला मी जोड दिली नाही, लहान मुलांना लढत द्यायला लावले. दोन वर्षे बसलेल्या अंगाला एकदम मोठी कुस्ती दिली तर खांदा निखळतो, हे त्यामागचे कारण होते, शिक्षा म्हणून नव्हे. तुमच्या पहिलवानाचेही तेच पाहा. दंगलीपूर्वी त्याला दोन वेळा लढवून दम किती टिकतो ते बघा.

एक सूचना. दंगलीत सर्वांत जास्त नुकसान भोंग्यावर बोलणारा करतो. त्याला आधीच बजावून ठेवा. नाव, गाव, वस्ताद आणि इनाम, याच्यापुढे एक शब्द नको. ‘संकटातून उभा राहिलेला वाघ’ वगैरे तर मुळीच नको, कारण ते संकट त्याच्यावर आले नव्हते, त्याने आणले होते.

बोरीकाठ (पारोळा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मारुतीच्या पारावर पुन्हा बैठक झाली आणि मी वरील उत्तरे जशीच्या तशी वाचून दाखवली. वाघूर ताईंचा फोटोंविषयीचा प्रश्न वाचला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. तो फोटो माझ्याही मोबाइलवर आला होता आणि मी तो माझ्या भावाला दाखवला होता, हे मी तेथे सांगितले.

ठरले ते असे. कुस्ती द्यायची, पण मानाची नाही. ‘जुना आखाडा’ वस्ताद आप्पांच्या सांगण्याप्रमाणे दोन वेळा लढवून पाहिले, पाचव्या मिनिटाला त्याचा श्वास तुटतो. सत्कार करायचा नाही. भोंग्यावर बोलणाऱ्या मास्तरांना कागदावर लिहून द्यायचे आणि तेवढेच वाचायला सांगायचे. समितीत पुढच्या वर्षापासून स्त्रिया घेण्याचा विषय मी मांडला, त्यावर वाद झाला आणि तो पुढच्या बैठकीवर गेला. मी तो सोडणार नाही.

घरखर्चाचे मी त्याला एकट्याला गाठून विचारले. मागच्या दिवाळीपासून पाठवतो, त्याआधी पाठवत नव्हतो, असे त्याने खाली पाहून सांगितले. मानाची कुस्ती नाही आणि शालही नाही हे मी त्याला सांगितले तेव्हा तो नाराज होईल असे वाटले होते. त्याने एवढेच विचारले की जोड कोणाशी आहे. एरंडोलकडचा तेवीस वर्षांचा मुलगा आहे, वजन सारखेच, दम याच्यापेक्षा जास्त. आज पहाटे आमचा पहिलवान व्यायामशाळेत आला होता.