टॅटू स्टुडिओ वस्तीतल्या कलाकार मुलांचा अड्डाही व्हावा, यासाठी काय करावे?

शाईवाला, कल्याण:
कल्याण पूर्वेला माझा टॅटूचा गाळा आहे. संध्याकाळी परिसरातली रॅप करणारी, ब्रेकडान्स शिकणारी आणि ग्राफिटी, म्हणजे भिंतींवर रंगीत अक्षरे-चित्रे काढणारी मुले तिथे जमतात. शेजारचा गाळाही भाड्याने घेऊन त्यांना हक्काची जागा करून द्यावी, असे मनात आहे. मात्र धंद्याच्या जागेत अशी वर्दळ वाढवणे योग्य ठरेल का आणि त्यांच्या कलेचा माझ्या कामाशी खरोखर संबंध कसा जुळेल, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

मंदार_के:
हा संबंध गिऱ्हाइकेच घेऊन येतात. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन-अमेरिकन, म्हणजे चिकानो वस्तीत चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी १९७५ मध्ये ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ हे दुकान व्हिटियर बुलेव्हार्डवर उघडले. याच रस्त्यावर तिथले तरुण आपल्या रंगवलेल्या, जमिनीलगत आणलेल्या लोरायडर गाड्या संथपणे फिरवत असत. इतर दुकानांत तेव्हा जाड रेषांची, भडक रंगांची ठरावीक चित्रे भिंतीवर लावलेली असत. या वस्तीला मात्र तुरुंगातल्या धाटणीचे काम हवे होते, म्हणजे कॅसेट प्लेअरची मोटर आणि गिटारची तार जोडून केलेल्या यंत्राने काढलेल्या बारीक रेषा आणि रंग मिळत नसल्यामुळे काळ्या शाईच्याच फिक्या-गडद छटा. या दोघांनी ती मागणी हलकी मानली नाही, तर दुकानातल्या यंत्रावर एकच सुई चालवण्याचे तंत्र बसवले. पुढे कोठडीत असतानाच या कामावर हात बसलेल्या फ्रेडी नेग्रेटे यांना तिथे नोकरी मिळाली आणि आज जगभर चालणारी ‘ब्लॅक अँड ग्रे’ शैली त्या दुकानातून पसरली. आपल्याकडे येणाऱ्या ग्राफिटीवाल्या मुलांकडून देवनागरी अक्षरांची वळणे काढून घ्या, त्यांचे रीतसर मानधन द्या आणि नावांच्या टॅटूंसाठी तीच वापरा.

सुनंदा_परिचारिका:
मैफल आणि टॅटूची खुर्ची एका गाळ्यात कृपया ठेवू नका. न्यूयॉर्क शहरात हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराच्या धास्तीने १९६१ पासून १९९७ पर्यंत टॅटूवर बंदी होती, इतका हा प्रश्न गंभीर आहे. सुई एकदाच वापरावी, शाई प्रत्येकासाठी वेगळ्या कपात ओतून उरलेली फेकून द्यावी आणि वापरलेल्या सुया टोचणार नाहीत अशा कडक डब्यात जमा करून जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्यांकडे सोपवाव्यात. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. अठरा वर्षांखालची मुले शेजारच्या गाळ्यात खुशाल नाचू-गाऊ देत, खुर्चीवर मात्र बसवू नयेत.

शाईवाला, कल्याण:
दोघांचेही मनापासून आभार. नवा गाळा सरावासाठीच ठेवतो. त्यामागची भिंत सोसायटीची असून मुलांना ती रंगवायची आहे. तोंडी होकार पुरेल का?

मंदार_के:
पुरणार नाही. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा राज्यात १९९५ पासून आहे, त्यामुळे सोसायटीचे संमतिपत्र आणि महापालिकेची परवानगी अशी दोन्ही कागदपत्रे लेखी हातात आल्यावरच रंगाचे डबे उघडा.