टर्बो इंजिनासाठी क्रँक पुलीची निवड

गंगापूररोडकर:
माझ्याकडे २०१७ सालची ऑक्टाव्हिया आरएस २३० आहे. ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) रीमॅप आणि मोठा इंटरकूलर झाल्यावर आता क्रँकशाफ्टच्या टोकावरची, बेल्ट फिरवणारी मूळ पुली काढून तिच्या जागी ॲल्युमिनियमची, वजनाने हलकी आणि व्यासाने थोडी लहान पुली बसवावी असा विचार आहे. अंबड एमआयडीसीतील परिचयाचे एक कारखानदार ती सीएनसीवर करून देण्यास तयार आहेत. लहान पुलीने बूस्ट (इंजिनात भरल्या जाणाऱ्या हवेचा दाब) वाढतो असे एका मित्राचे म्हणणे आहे, तर दुसऱ्याच्या मते केवळ इंजिनावरचा भार कमी होतो. गाडी रोज शहरात चालते आणि उन्हाळ्यात द्वारका चौकाच्या कोंडीत एसी लावून थांबावे लागते, हे लक्षात घेऊन पुली कशी निवडावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातपूर_वर्कशॉप:
बूस्टचा विषय आधी बाजूला काढू. पुलीच्या व्यासाने बूस्ट बदलतो तो सुपरचार्जरचा, कारण सुपरचार्जर बेल्टवर फिरतो; टर्बो एक्झॉस्टच्या वायूंवर फिरतो आणि त्याला पुलीशी काही देणेघेणे नाही. तुमच्या इंजिनात पाण्याचा पंपसुद्धा या बेल्टवर नसून बॅलन्स शाफ्टवरून वेगळ्या छोट्या दातेरी बेल्टने चालतो, आणि स्टिअरिंग विजेवर आहे. बाहेरच्या बेल्टवर उरतात वीज तयार करणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर, तेव्हा भार कमी करून करून किती करणार?

खरी अडचण वेगळीच आहे. मूळ पुलीच्या आतील आणि बाहेरील भागांमध्ये रबराचा थर असतो, म्हणजे ती पुली असण्याबरोबरच डँपर, म्हणजे कंपन शोषणारा भागही असते. सिलिंडरमधील प्रत्येक ज्वलनाच्या धक्क्याने क्रँकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि पुन्हा सुटतो; ठराविक आरपीएमला हे पिळणे शाफ्टच्या स्वतःच्या कंपनाशी जुळले की वाढत जाते, आणि ते शोषून घेण्यासाठीच तो थर दिलेला असतो. रीमॅपने ज्वलनाचा दाब वाढला की धक्केही वाढतात, त्यामुळे तुमच्या इंजिनाला डँपरची गरज आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. अंबडला बेल्टच्या खाचा अचूक कातून मिळतील यात शंका नाही, परंतु एकसंध ॲल्युमिनियमच्या तुकड्यात हा गुण येणार नाही.

नाशिकरोड_ऑटो_इलेक्ट्रिकल:
व्यासाबद्दल थोडे लिहितो. समजा, क्रँक पुली १४० मिमी आणि अल्टरनेटरची पुली ५६ मिमी आहे; तर इंजिन आयडलिंगला ८०० आरपीएमवर असताना अल्टरनेटर २,००० आरपीएमने फिरतो. क्रँक पुली १२० मिमी केली की तो सुमारे १,७०० वर येतो. या खालच्या टप्प्यात अल्टरनेटरचे आउटपुट झपाट्याने घटते आणि तुम्ही म्हणता त्या कोंडीत रेडिएटरचा पंखा आणि ब्लोअर नेमके तेव्हाच वीज ओढत असतात, म्हणून उरलेला करंट बॅटरीतून जातो. शिवाय क्रँकवर बेल्टचा अर्धा वेढा धरला, तरी २० मिमी व्यास घटल्याने बेल्ट सुमारे ३० मिमी आखूड लागतो. जुनाच बेल्ट ठेवल्यास तो ताणून धरणारा टेन्शनर आपल्या मर्यादेच्या टोकाला जातो आणि बेल्ट घसरू लागतो.

गंगापूररोडकर:
दोघांचेही आभार. व्यास मूळचाच ठेवून केवळ वजन कमी केले तर इंजिन लवकर फिरेल का?

सातपूर_वर्कशॉप:
जाणवेल इतके नाही. जडत्व त्रिज्येच्या वर्गाने वाढते, त्यामुळे अडीच किलोच्या ७० मिमी त्रिज्येच्या चकतीचे जडत्व आठ किलोच्या १४० मिमी त्रिज्येच्या चकतीच्या जेमतेम तेराव्या हिश्श्याइतके भरते. क्रँकशाफ्टच्या दुसऱ्या टोकावरच्या जड फ्लायव्हीलपुढे पुलीचे वजन किती किरकोळ, हे यावरून दिसेल. तुमच्या पुलीचे रबर तडकले असेल किंवा बाहेरील कडे डगमगत असेल, तर त्याच व्यासाची नवी मूळ पुली घ्यावी. बाजारातील दुसरी घ्यायचीच असेल, तर ती डँपरसहित असावी आणि तिला एसएफआय १८.१ हे डँपरच्या सुरक्षिततेचे मानांकन असल्यास उत्तम.

एक गोष्ट मात्र कामाला हात घालण्यापूर्वी पाहावी. या इंजिनात पुलीचा बोल्टच टायमिंग चेनचे (व्हाल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ जुळवणाऱ्या साखळीचे) खालचे स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, दाबून धरतो, त्यामुळे स्प्रॉकेट जागेवर पकडून ठेवणारे टूल न लावता पुली उतरवली, तर टायमिंग सरकून व्हाल्व्ह पिस्टनवर आपटण्याचा धोका असतो. बोल्ट दर वेळी नवाच लागतो. गॅरेजवाल्याकडे ते टूल नसेल, तर त्याला पुलीला हात लावू देऊ नका.