पुन्हा हसायला बोलावलंय, गेलात का?

मंडळी, निमित्त घरचंच आहे. परवा आई म्हणाली, "ते हवावाले परत आलेत म्हणे, लाव की." लावलं. पाच मिनिटांत प्रश्न आला, "निलेश कुठाय?" म्हटलं, आता सूत्रसंचालक निलेश साबळे नाही, अभिजीत खांडकेकर आहे. "बरं," म्हणाली आणि शेवटपर्यंत बघत बसली. दोनदा हसली. झोपायला जाताना म्हणते, "मुलं चांगली आहेत, पण ओळख व्हायला वेळ लागेल." जणू शेजारच्या ब्लॉकमध्ये नवे भाडेकरू आलेत.

झी मराठीवरचं विनोदी 'चला हवा येऊ द्या' ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, मार्च २०२४ ला थांबलं आणि जुलै २०२५ ला परतलं. सुरू झालं तेव्हा माझी लेक बालवाडीत होती, आता दहावीला आहे. आजीशेजारी बसून ती फोनवर काहीतरी बघत होती आणि आजीपेक्षा जास्त हसत होती. काय बघतेस विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुला सांगण्यात मजा नाही."

तर सांगा. जुनं परत आलं तेव्हा तुमच्याकडे काय झालं? नवीन बघायला पुरे पडता का? "हल्लीचं काही खरं नाही" एवढंच म्हणायचं असेल तर राहू द्या, ते आमच्या काकांनी आधीच सांगून झालंय.

गिरगाव, वय ७१

आमच्या मजल्यावर एकच टीव्ही, तोही कृष्णधवल. सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'चिमणराव' लागायचं तेव्हा मालकीणबाई सतरंजी अंथरायच्या आणि चपला जिन्यात काढायला लावायच्या. एकदा हसण्याच्या भरात एकाने कपबशी लाथाडली, तर पुढचे दोन आठवडे त्याला दारातून उभ्याने बघावं लागलं.

दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. आता कुणी नव्या पोरांना घेऊन ते परत काढतो म्हटलं तर मी हात जोडीन. पण गंमत बघा, तेच प्रभावळकर २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेत आबा टिपरे होऊन आले, स्वतःच्याच 'अनुदिनी' पुस्तकातून. चिमणराव बघितलेला माणूस टिपऱ्यांच्या घरी परका राहिलाच नाही. माझ्या लेखी खरं पुनरागमन ते. नाव नवं, घर नवं, माणूस ओळखीचा.

विरारहून चर्चगेट, रोज

पुरे पडतो का म्हणता? रात्री वायफायवर उतरवून ठेवायचं आणि सकाळी गाडीत बघायचं, हा माझा सहा वर्षांचा नेम. मध्यंतरी मागे पडायला लागलो म्हणून दीडपट वेगाने बघायला लागलो. मारामारीचं, खुनाचं सगळं नीट दिसतं. 'हास्यजत्रा' लावली आणि कळेना की हसू का येत नाही. समीर चौघुले वाक्य टाकून डोळे मोठे करून थांबतात ना, ते थांबणंच दीडपटीत खलास! शेजारी बसणारा दोस्त एका कानात माझा इयरफोन घालून बघतो. तोच म्हणाला, "अरे, श्वास तरी घेऊ दे त्यांना." तेव्हापासून विनोदी असेल ते साध्या वेगाने, बाकी जग पळत असू दे. परिणामी अठरा भाग शिल्लक आहेत.

अंधेरी, एडिटिंगमध्ये

जुनं नाव परत का आणतात हे मला पार्टीत हमखास विचारतात. सरळ हिशेब आहे. नव्या कार्यक्रमाचा प्रोमो आधी 'हे काय आहे' ते समजावतो आणि मग 'या' म्हणतो. जुन्या नावाला नुसतं 'या' म्हटलं तरी चालतं. पण लोक पहिल्या आठवड्यात नावाला येतात, तिसऱ्यात नाही. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की ऑफिसात कोण कुणाशी किती बोलतंय त्यावरून कळतं. 'फू बाई फू' २०१० च्या सुमारास घराघरात होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये परत आलं आणि लवकरच आवरतं घेतलं गेलं. तेवढ्या वेळात प्रेक्षकाला स्किटची सवय दुसऱ्या चॅनेलच्या घरची लागली होती.

आणि हो, हशा आम्ही टाकतो. सगळा नाही, पण पंच पडला की खालून थोडा भरावा लागतो. माझ्या बायकोला आता ते ऐकू येतं. "इथे तू टाकलास," म्हणते. बरोबर असतं.

पवई

रिक्षावाल्याला फिल्टरपाडा म्हटलं की पूर्वी "कुठे आलं?" विचारायचे. विनोदी नट गौरव मोरेमुळे आता "अच्छा, गौऱ्याचा!" म्हणतात. भाडं तेवढंच घेतात.

कफ परेड (थांबा, मच्छीमार नगर)

हिंदी मालिकेतले 'साराभाई' कफ परेडचे, आम्हीही कफ परेडचेच! त्यांची बाल्कनी समुद्राकडे, आमची होडीच समुद्रात. २००४ मध्ये स्टार वनवर लागलं तेव्हा आमच्याकडे मी आणि पप्पा सोडून कोणी बघत नव्हतं. तेव्हा टीआरपी नव्हताच फारसा, लोकांनी पुढे पुनःप्रक्षेपणात डोक्यावर घेतलं. सासू माया सून मोनिषाला 'मिडल क्लास' म्हणून हिणवायची तेव्हा पप्पा म्हणायचे, "मग आपण कोण गं?" आणि स्वतःच खदखदून हसायचे.

२०१७ मध्ये परत आलं ते थेट हॉटस्टारवर. पप्पांकडे बटनांचा फोन. मी रोज सुकट आवरून माझ्या फोनवर लावून द्यायचे, ते हातभर लांब धरून बघायचे. इंद्रवदनच्या पहिल्या टोमण्याला हसले, मग म्हणाले, "आवाज बारीक आहे याचा." आवाज बारीक नव्हता. टीव्हीसमोर आम्ही दोघं असायचो तेव्हा एकाला कळलं की दुसरा हसायचा. फोन एकट्याचा.

२५ ऑक्टोबर २०२५ ला सतीश शहा, म्हणजे आमचा इंद्रवदन, गेले. त्या रात्री आम्ही जुनेच भाग लावले, मोठ्या टीव्हीवर.

विलेपार्ले, शिक्षिका

वरचं वाचून 'हम पाँच' आठवलं. अशोक सराफांची पहिली बायको भिंतीवरच्या फोटोतून बोलायची, प्रिया तेंडुलकर. त्या २००२ मध्ये गेल्या. नंतर मालिका त्याच नावाने पुन्हा आली, पण माझी नजर आधी त्या चौकटीकडे जायची आणि तिथेच अडायची.

अमेरिकेतही तेच. माझ्या भाच्याने आग्रहाने 'फ्रेझर' दाखवलं. मूळचं १९९३ ते २००४, मग २०२३ मध्ये परत. बापाचं काम करणारे जॉन महोनी २०१८ मध्ये वारलेले, भावाचं काम करणारा परत आलाच नाही. दोन सीझनात आटोपलं. घरातली दोन माणसं गेली की दिवाणखाना कितीही सजवा.

एक अवांतर: मोहन गोखले म्हणजे 'मिस्टर योगी', त्यांची बायको शुभांगी गोखले म्हणजे टिपऱ्यांची श्यामला, आणि त्यांची मुलगी सखी 'दिल दोस्ती दुनियादारी'तली रेश्मा. पुनरागमन पुनरागमन काय करताय, असं घराणं चालू ठेवा की.

वरळी, बीडीडी चाळ (आता टॉवर)

मी लिहिणार नव्हतो, पण ती कपबशी वाचली आणि राहवेना.

आमची खोली १६० चौरस फुटांची. टीव्ही कपाटावर, कारण दुसरीकडे जागा नाही. 'टिपरे' लागायचं तेव्हा आम्ही पाच जण आत, दारात बाजूच्या खोलीतली दोन पोरं आणि गॅलरीत खिडकीला टेकून एक मिलमधून सुटलेले मामा. मामांना पडदा अर्धाच दिसायचा, दुसऱ्या अर्ध्यात आमची पाण्याची टाकी. तरी शिऱ्या घरात काही गोंधळ घालायचा तेव्हा पहिले हसायचे मामा. ते हसले की आम्हाला कळायचं, आता काहीतरी होणार.

'हवा येऊ द्या' परत आलं जुलैत, आमच्या हातात चावी आली ऑगस्टमध्ये. ५०० फुटांचं घर. दोन बेडरूम. लिफ्टने वर जाताना आईच्या कानाला दडे बसतात. पहिल्या आठवड्यात मी मोठा टीव्ही भिंतीवर लावून घेतला, सगळ्यांना हाक मारली. मुलगा आतून "हो" म्हणाला आणि आलाच नाही, बायको किचनच्या ट्रॉल्या लावत होती. मी आणि आई. भारत गणेशपुरे आले, कुशल बद्रिके आला, मी हसलो तर हॉलमध्ये माझाच आवाज घुमला. पडदे नव्हते ना अजून.

कार्यक्रम वाईट नव्हता, उगाच का बोलू. आई मात्र मधेच उठली आणि बाहेरचं दार उघडून ठेवून आली. म्हटलं, "आई, एसी लावलाय." म्हणाली, "असू दे. कोणी आलं तर?"

कोणी आलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू भाजी निवडायची परात घेऊन आल्या. आता त्या येतात. त्यांना हे पटत नाही, त्यांना जुने टिपरे हवे असतात, मग यूट्यूबवर तेच लावतो. परवा मुलगा चार्जर शोधायला हॉलमध्ये आला आणि उभ्याउभ्या अर्धा भाग बघून गेला.

पुन्हा विरारवाला

वरळीकर, तो कुठला भाग हो? उतरवून ठेवतो. एकोणीस झाले.