तीन कोंबड्या खुडूक, खुराडं एकच. लवकर सांगा!

माळावरची_वस्ती (केज):
तीन कोंबड्या खुडूक बसल्यात, म्हणजे अंडी उबवायला. एकीखाली आज पिल्लं निघायलीत, तर बाकीच्या दोघी आपली अंडी सोडून तिच्याच खोक्यात घुसायल्यात. भांडणात एक अंडं फुटलं. सोडलेली अंडी गार पडायलीत. रात्रीच्या आत काय करू?

डालगंवाला (परभणी):
बसवल्या कधी? एकाच दिवशी का मागंपुढं? खाली अंडी किती? एवढं तरी लिहा की राव.

निळा_ट्रॅक्टर (लातूर):
खुडूक मोडायला बादलीत गार पाण्यात बुडवून काढा. लवकर अंड्यावर येते.

माळावरची_वस्ती:
मोडायची नाही हो, पिल्लं पाहिजेत! गावरान आहेत, आपल्या आपण बसल्या, पोळ्याच्या आसपास, एकीमागं एक. प्रत्येकीखाली दहा-बारा होती, आता कुणाची कुठली कळंना. तलंगापण (नव्यानं अंड्यावर आलेल्या कोंबड्या) त्याच खोक्यांत अंडी घालायल्यात.

डालगंवाला:
मग सगळी खिचडी झाली की. अंड्याला २१ दिवस लागतात, पण पहिली पिल्लं निघाली की आई दीड-दोन दिवसांत त्यांना घेऊन उठते. मागून घातलेली अंडी तशीच राहतात. अंधार पडला की मोबाइलची बॅटरी अंड्याच्या बोथट टोकाला लावून एकेक बघा. आरपार पिवळं दिसलं तर ताजं नाहीतर फोल, काढून टाका. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अजून वेळ आहे. सगळं काळं अन् टोकाला नुसती हवेची पोकळी असेल तर ते फुटायला आलंय. काळी सगळी पिल्लंवालीखाली, शिरांची दुसऱ्या दोघींत वाटा. पेन्सिलीनं फुली मारा, बिनफुलीचं दिसलं की रोज उचला. दोघींना रात्रीच वेगळ्या जागी नेऊन डालग्याखाली (मोठ्या टोपल्याखाली) झाका. दिवसा हलवली की जुन्या जागी पळते. दिवसातून एकदा दाणापाणी अन् हगायला सोडायचं.

शेतीमित्र_हिंगोली:
कशाला एवढा कुटाणा? अंडी उबवायचं मशीन घ्या, ३७.५ डिग्रीवर सोडून द्या.

डालगंवाला:
अन् लाइट गेली की मशीन काय पंख पसरून बसतंय का?

शेतीमित्र_हिंगोली:
इन्व्हर्टर म्हणून काही असतंय. जुनंच धरून बसा तुम्ही.

गोदाकाठ (नांदेड):
टोपल्यात लोखंडी खिळा ठेवला का? वीज कडाडली की अंडी जातात म्हणतात.

निळा_ट्रॅक्टर:
खिळ्यानं काय होतंय ओ? अंगावर लिखा-पिसवा असल्या तर कोंबडी बसतच नाही. खालचा भुसा बदला, राख टाका.

माळावरची_वस्ती:
बघून घेतली. काळी बरीच निघाली, दोघी डालग्याखाली गप बसल्यात. पण एका अंड्याला टवका उडालाय, आत चिवचिव चालू आहे, पिल्लू बाहेर येईना. सोलू का?

डालगंवाला:
हात लावू नका! टवक्यापासून बाहेर यायला कधी कधी अख्खा दिवस लागतो. आतल्या पापुद्र्यात रक्त असतं, सोललं की पिल्लू जातं. अन् पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवसात मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस चुकवू नका.

गोदाकाठ:
केजला गावरान अंडं काय भावानं जायलंय सध्या?