मदत हवी आहे: वळणावर गाडी झुलते, आधी शॉक्स (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) की टायर?
2017 ची पेट्रोल हॅचबॅक, 78 हजार किमी. ताम्हिणी घाटात स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी बाहेर कलते, मग जराशा उशिराने वळते. चालवायची मजाच गेली. अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं. टायरची हवा 33 ची 36 पीएसआय केली तर नुसते दणके. सस्पेन्शनचे लिंक रॉड, बुश नवे. शॉक्स गळत नाहीत, पण मूळचेच; बॉनेट दाबून सोडलं की दोनदा हलतं.

गॅरेजवाला म्हणतो, 165/80 आर14 टायर (14 इंची रिमचे) काढून 185/65 आर15 (रुंद, 15 इंची रिमचे) टाका. व्यास जवळपास तोच राहतो, मान्य. पण घोळ शॉक्सचा असेल तर टायर काय करणार?

बजेट 20 हजार. गाडी खाली बसवायची नाही, सोसायटीचा स्पीडब्रेकर आत्ताच घासतो. आधी चारही शॉक्स बदलू की टायर-रिम? आणि शॉक्ससोबत स्प्रिंगही बदलाव्या लागतील का?